हा वाटा कोणाचा?

गणपतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या एका खाद्य महोत्सवात उभी होते. समोरच्या स्टॉलवर फलक होता, ‘डोंगरातल्या जत्रेचं अस्सल मटण’. स्टेजवरचा निवेदक जगभरातल्या खाद्यपरंपरा रंगवून सांगत होता. स्पेनमधल्या एका गावात लोक एकमेकांना टोमॅटो फेकून मारतात, इंग्लंडात कुठेतरी चीजच्या चाकामागे टेकडीवरून गडगडत जातात आणि हातपाय मोडून घेतात... लोक हसत होते. ‘‘आपल्याकडे बघा, सगळं कसं प्रेमानं, पंगतीत बसून!’’ तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. तेवढ्यात काकीचा आवाज कानात आला. ‘‘गो, तुजा काका गेला. सकाळी पेज पाजली, न मग... मान टाकली.’’ मी फोन ठेवला. टाळ्या चालूच होत्या. मला स्टेजवर चढून तो माईक हिसकावून घ्यावासा वाटला. ज्या जत्रेचं मटण तुम्ही कूपन फाडून खाताय, त्या जत्रेत माझ्या काकाचा जबडा फोडलाय, एवढंच सांगायचं होतं.

गेल्या महिन्यातली ही गोष्ट. आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला. तिचं नाव मी लिहीत नाही. अशा वाड्या आणखी आहेत आणि त्यांना हा लेख आपल्यावरच आहे असं वाटलं, तर बरंच. माझे वडील महाडच्या कारखान्यात कामाला लागले, युनियनमध्ये शिरले आणि आमचं घर पत्रकांनी भरून गेलं. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. वडिलांचे थोरले भाऊ गणपतकाका मात्र वाडीतच राहिले. नाचणी, दोन बैल, आणि चैत्रातल्या देवीच्या जत्रेत एक मान. हा मान म्हणजे नाव घेण्याचा.

आमच्याकडे जत्रेला गावाचा बोकड कापतात. एका घावात मुंडकं उडतं, धड लाथा झाडत राहतं, रक्ताची चिळकांडी देवळाच्या जोत्यावर उडते. लहानपणी मी डोळे मिटून घ्यायचे. मग मटणाचे सारखे वाटे पळसाच्या पानांवर मांडतात, घरटी एक. त्यात कुठे हाड जास्त, कुठे काळीज. भांडण नको म्हणून एक जण वाट्यांकडे पाठ करून देवीसमोर उभा राहतो. दुसरा एका पानापाशी काठी टेकतो आणि विचारतो, ‘‘ह्यो कोनाचा?’’ पाठमोरा माणूस मनात येईल त्या घराचं नाव घेतो. ते घर तो वाटा उचलतं. शेवटचं पान उचललं जाईपर्यंत नाव घेणाऱ्यानं वळायचं नाही, आणि एकदा घेतलेलं नाव कुणी परत घ्यायचं नाही. हे सगळं काकांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरात फणस फोडला तरी ते भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि आम्हा पोरांना म्हणायचे, ‘‘हां, इचारा आता!’’ मग आम्ही गऱ्यांच्या ढिगांवर बोट ठेवून ओरडायचो. सगळ्यात मोठा ढीग काकीला आला की काका भिंतीशीच पुटपुटायचे, ‘‘देवी बी बायकोलाच भिते.’’

मी कॉलेजात होते त्या वर्षी वाडीतल्या रामजीच्या मुलीनं दासगावच्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. गावकीनं रामजीचं घर वाळीत टाकलं. पाणी बंद, बोलणं बंद, पिठाच्या गिरणीत त्याचं धान्य घेईनात. गावकीचा पुढारी सखाराम. जत्रेत काठीनं वाटे दाखवायचा मान त्याचाच. त्या चैत्रात वाटे मांडले गेले तेव्हा त्यात एक पान कमी होतं. रामजीचं. काका पाठ करून उभे राहिले. सखाराम विचारत गेला, काका नावं घेत गेले. आम्ही बायका बाजूच्या आंब्याखाली उभ्या होतो. निम्मे वाटे उचलले गेले असतील, सखारामनं काठी टेकली, ‘‘ह्यो कोनाचा?’’

‘‘रामजीचा.’’

ते पान कुणी उचललं नाही. सखाराम जरा हसला. ‘‘गनपत, तोंड चुकला तुजा. परत सांग.’’

‘‘रामजीचा.’’

‘‘मंग एक घर कमी पडंल.’’

‘‘माजा पडंल. माजा नाव नाय घेत मी.’’

‘‘वळ हिकडं.’’ सखारामचा आवाज चिरका झाला. ‘‘वळ, नायतर...’’

काका वळले नाहीत. वळायचं नसतं. सखारामनं काठी दोन्ही हातांनी धरली आणि बाजूनं त्यांच्या तोंडावर हाणली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. काका गुडघ्यांवर आले, त्यांच्या तोंडातून रक्त आणि दात बोकडाच्या रक्तात पडले. ते एका हातानं जोतं धरून पुन्हा उभे राहिले... तोंड देवीकडेच. जबडा लोंबत होता, शब्द फुटत नव्हता. तरी जो आवाज निघाला ते कुणाच्या घराचं नाव, हे सगळ्यांना कळलं. मग बाकीचे तुटून पडले. ज्यांची नावं त्यांनी नुकतीच घेतली होती, ज्यांच्या हातांत अजून पानं होती, तेच. लाथांखाली मटण मातीत गेलं. काकी ओरडत आत घुसली आणि आडवी पडली तेव्हा ते थांबले. कुत्री आली होती.

महाडच्या दवाखान्यात तारा घालून जबडा बांधला. तो वाकडाच सांधला. काकांना पुढं कधी चावता आलं नाही. काकीनं दगडी खल काढला आणि मटण असेल तेव्हा त्यांचा वाटा त्यात कुटून, रश्शात कालवून त्यांना भरवू लागली. त्या घरात जेवायच्या आधी खलाचा आवाज यायचा. ठक... ठक... आम्ही सगळे हात आवरून बसायचो.

मी पत्रक काढलं. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे हे ठळक अक्षरांत छापलं, बाजारात वाटलं, पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसले. सखारामला अटक झाली, जामिनावर सुटला, खटला अजून चालू आहे. पण गावकीला बहिष्कार मागे घ्यावा लागला, आणि पुढच्या चैत्रात रामजीचं पान मांडलं गेलं. नाव घ्यायला पुन्हा काकाच उभे राहिले, बोबड्या तोंडानं. त्यांनी रामजीचं नाव घेतलं. आणि दोन पानांनंतर सखारामचं. मी आंब्याखालून ते ऐकलं. घरी आल्यावर फुटलेच. ‘‘त्याचं नाव तुमच्या तोंडातून निघतं कसं, काका? त्याच तोंडातून?’’

काकांना बोलायला वेळ लागायचा. ‘‘घर हाय तर वाटा हाय, गो. तोंड बघून नाव घ्यायचा आसता... तर पाठ कशाला फिरवली आसती?’’

मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगते, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मी ज्या पत्रकांवर वाढले त्यांत शत्रू शत्रू असतो.

सुतक फिटलं त्या दिवशी काकीनं मटणाचं जेवण केलं. वाडी आली. रामजी सकाळपासून लाकडं फोडत होता. आणि सखारामही आला. म्हातारा झालाय, एकटाच ओटीच्या कडेला टेकला, आत येईना आणि जाईना. मी काकीला म्हटलं, ‘‘ह्याला उठवते मी.’’  तिनं ताटल्या ओळीनं मांडल्या, मटण वाढलं आणि पदर खोचून भिंतीकडे तोंड करून बसली, काका बसायचे त्याच जागी. ‘‘इचार,’’ मला म्हणाली.

माझं बोट पहिल्या ताटलीवर गेलं. ‘‘हा कोणाचा?’’

‘‘रामजीचा.’’

रामजीनं डोळे पुसत ताटली घेतली. एकेक नाव होत गेलं. मग एका ताटलीत मोठं काळीज दिसलं आणि मी मुद्दाम थांबले, काकीनं चांगलं नाव घ्यावं म्हणून, जणू तिला दिसणार होतं. ‘‘हा कोणाचा?’’

‘‘सखारामचा.’’

माझा हात उचलेना.  शेवटी मीच ती ताटली नेऊन त्याच्यापुढे आदळली. रस्सा त्याच्या धोतरावर सांडला. त्यानं ताटली जवळ ओढली.

शेवटची ताटली उरली, काकांच्या घराची. मी विचारायच्या आधीच काकी उठली, ती घेऊन चुलीपाशी गेली, आणि सवयीनं खल पुढं ओढला. आत कुणी उरलं नव्हतं ज्याच्यासाठी कुटायचं. तरी दगड उचलला गेला, पडला. ठक... ठक... सगळ्यांचे हात आवरले. सखारामनं पहिला घास तोंडात घातला होता. खलाचा आवाज बाहेर येत राहिला आणि तो घास गालात धरून तसाच बसून राहिला... त्याचा जबडा हलेना.