पाटीवर दिलेलं उत्तर

लग्नानंतरची पहिली सात-आठ वर्षं मी माझ्या मिस्टरांशी बोलले कमी आणि त्यांना लिहिलं जास्त. भांडण नव्हतं. वेळ जुळत नव्हती, एवढंच. मी सांगलीत सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, ते जवळच्या साखर कारखान्यात. मलाही तीन पाळ्या, त्यांनाही तीन पाळ्या. गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत थांबायचा नाही, आणि आमच्या वॉर्डाला तर बारा महिने हंगामच. मी घरी यावं तर ते झोपलेले असायचे, नाहीतर नुकतेच बाहेर पडलेले. दोघंही घरात आणि दोघंही जागे, असं आठवड्यातून दोनदा झालं तरी पुष्कळ.

म्हणून मी फ्रिजशेजारी एक खिळा ठोकला आणि एक जुनी पाटी तिथं टांगली. दूध तापवलंय. गॅसला नंबर लावा. लेकीला खोकला आहे, औषध जेवल्यावर. ज्यानं काम केलं त्यानं ओळीपुढं टिक करायची आणि दुसऱ्यानं ती ओळ पुसायची. दवाखान्यात पाळी बदलताना आम्ही रिपोर्ट लिहून देत असू. लिहिलं नाही ते केलंच नाही, असं ट्रेनिंगमध्ये अंगात भिनवलेलं. तीच शिस्त मी घरी आणली आणि मला तिचा अभिमान होता. वॉर्डातल्या बायका नवरा काही लक्षात ठेवत नाही म्हणून कुरकुरायच्या, तेव्हा मी त्यांना पाटी टांगायला सांगायचे. दोघींनी टांगलीही.

माझ्या सासूबाई तेव्हा माणमध्ये, दहिवडीच्या पुढं एका वाडीत एकट्याच राहायच्या. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले, धाकटा दीर मुंबईला नोकरीत. सासूबाईंची दोन खोल्यांची पत्र्याची जागा, थोडं कोरडवाहू रान आणि दोन शेळ्या. मी त्यांना आत्याच म्हणायचे. वर्षातून दोनदा त्या आमच्याकडे यायच्या, चार दिवस राहायच्या आणि शेळ्यांची काळजी लागली की निघायच्या. राहा म्हटलं तरी राहायच्या नाहीत. कधी काही मागितलंही नाही.

त्या वर्षी तिकडं पाऊस झालाच नाही. दसऱ्याला मिस्टर गावी गेले तेव्हा विहीर आटलेली होती. टँकर वाडीच्या टोकाला यायचा आणि आत्या सुजलेल्या गुडघ्यानं तिथून घागर आणायच्या. त्यांनी मुलाला सांगितलं की आता मी सांगलीला येते, तुझ्याकडंच राहते. हे म्हणाले, विचारून कळवतो.

विचारायचं मला होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ड्यूटीवरून आले तर पाटीवर त्यांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. "आई कायमची इकडं येते म्हणते. आणू का?" आणि खाली, "गिरणी बंद होती. दळण उद्या."

मी पाटीसमोर उभी राहून विचार केला, अगदीच केला नाही असं नाही. घर दोन खोल्यांचं. संडास चाळीच्या मागं, तीन पायऱ्या उतरून. हंगाम नुकताच सुरू होत होता, म्हणजे पुढचे पाच महिने आम्ही दोघं आलटून पालटून बाहेर. गुडघा दाखवायला त्यांना नेणार कोण, दुपारी जेवायला वाढणार कोण? सगळी कारणं रास्त होती. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, "आत्ता नको. हंगाम संपल्यावर." कारणं लिहिली नाहीत, कारण पाटीवर जागा नव्हती. मग मी पीठ संपत आल्याचं लिहिलं आणि कपडे धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या त्या ओळीपुढं टिक होती. पिठाच्या ओळीपुढंही होती. मी फडक्यानं दोन्ही पुसल्या.

त्या आठवड्यात आम्ही दोनदा तरी समोरासमोर आलो. एकदा एका ताटलीतली भजी खाल्ली. त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. टिक झाली म्हणजे त्यांना पटलं, असं मी धरून चालले. आणि पुन्हा विषय निघाला नाही याचं मला मनातून हायसं वाटलं होतं, हेही इथं लिहायला हवं. नाहीतर सगळा दोष पाटीवर जाईल.

मिस्टरांनी वाडीतल्या किराणा दुकानात फोन केला. गावात तेवढाच फोन. आत्यांना बोलावून आणायला वेळ लागला असता आणि यांची पाळी सुरू व्हायची होती, म्हणून निरोप दुकानदाराकडेच ठेवला. हे सगळं मला फार नंतर कळलं.

जानेवारीत पाटीवर आलं, "धाकटा आईला मुंबईला घेऊन गेला." मी वाचलं आणि खाली लिहिलं, "बरं." त्याखाली, "रविवारी मला डबल ड्यूटी." एप्रिलमध्ये कारखान्याचा भोंगा बंद झाला, हंगाम संपला, यांना जनरल शिफ्ट मिळाली. संपल्यावर काय करायचं होतं ते कुणीही लिहिलं नाही. आमच्या घरात पाटीवर नसलेली गोष्ट नसायचीच.

हल्ली माझी मुलगी मला मोबाईलवर चार शब्द पाठवते, मी तिला दोन पाठवते, आणि दोघींनाही वाटतं की बोलणं झालं. लोक म्हणतात जग बदललं. मला त्यात नवीन काही दिसत नाही. लिहून विचारलं की उत्तर देणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही. सोय आहे ती, आणि ती मी तीस वर्षांपूर्वीच खिळ्याला टांगली होती.

दोन वर्षांनी मे महिन्यात कराडला एक लग्न होतं. त्या लग्नाला आत्या मुंबईहून आल्या आणि तिथून चार दिवस आमच्याकडे. रंग उतरला होता, हात बारीक झाले होते. मुंबईत दीर डोंगरावरच्या वस्तीत राहायचा, पाण्याला तिथंही रांगच. खाली उतरायचं म्हणजे चाळीस-पन्नास पायऱ्या, म्हणून त्या उतरायच्याच नाहीत.

मी दोन दिवस रजा टाकली होती. सकाळी उन्हं चढायच्या आत गच्चीवरच्या बाजेवर सांडगे घालायला घेतले; आत्या कठडा धरत, थांबत थांबत वर आल्या. आत्यांना खाली बसवत नव्हतं. त्यांना स्टूल दिलं आणि पातेलं त्यांच्या मांडीवर ठेवलं. मुलगी मधे मधे हात घालत होती. तिला आत्यांनी विचारलं की त्या पाटीवर रोज काय गिरवता.

ती म्हणाली, "आज लिहिलंय, दही विरजायला ठेवा."

"आणि हे तोंडानं सांगाया काय हुतंय तुज्या आईला?"

"पप्पा झोपलेले असतात."

"मग उटवायचं. नवराच हाय न्हवं, का म्हसोबा हाय पुजायला?" आत्या हसल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या घरात लय शांतता हाय बग. मानूस हाय का न्हाई, कळंना."

मीही हसले. मुलगी खाली गेली. आत्या सांडगे एका ओळीत, एकसारखे टाकत होत्या. तसंच टाकता टाकता, आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "तवा न्हाई म्हनलीस. मला लय लागलं हुतं गं."

कधी, हे मला विचारावं लागलं नाही. पण मी नाही म्हटलं नव्हतं, हंगाम संपल्यावर म्हटलं होतं, असं मी सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं आणि सगळं सांगितलं. मुलगा विचारून कळवतो म्हणाला, म्हणजे आता न्यायलाच येणार, असं त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी शेळ्या विकल्या. सांगलीत शेळ्या कुठं बांधायच्या? वाडीत सगळ्यांना सांगितलं की मी थोरल्याकडं चालले. मग चार दिवसांनी पीठ आणायला दुकानात गेल्या, तर दुकानदारानं तिथं बसलेल्या माणसांसमोर सांगितलं, मावशे, तुझा फोन आलता, आत्ता नगं म्हनत्यात.

"कोन म्हनतंय, म्हनलं. तर म्हनला, सूनबाई."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ह्यांनी पाटीवर लिहून विचारलं, मी पाटीवर लिहून उत्तर दिलं. बोलणं असं झालंच नाही.

आत्यांचा हात थांबला. "येवडी गोष्ट? पाटीवर?"

"हो."

पुढचा सांडगा टाकून त्या म्हणाल्या, "माज्या तोंडावर न्हाई म्हनली असतीस तर मी भांडली असती. दोन शिव्या दिल्या असत्या. तूबी काय गप बसनारी न्हवंस. चार दिसांत मिटलं असतं आन् मी आली असती. लिवल्याल्या संगट कसं भांडायचं?"

वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगायचं, कुठल्या शब्दांत, हे मला पाठ होतं. इथं त्यातलं एकही वाक्य चालणारं नव्हतं. पातेलं रिकामं झालं होतं. मी ते घेऊन खाली गेले आणि दुसरं भरून आणलं.

त्या संध्याकाळी मी मिस्टरांना विचारलं की आईबद्दल तोंडी का नाही विचारलंत. तेव्हा ते जागे होते, समोर बसले होते. ते म्हणाले, "तुझ्या तोंडावर नको दिसलं असतं तर मला ते सोसलं नसतं. लिहिलं की बरं पडतं." मला राग आला नाही. माझंही तेच होतं.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं आत्यांना स्टँडवर सोडायला गेलो. दुपारची मुंबई गाडी लागली होती. त्यांची पिशवी मी वर ठेवली, खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली दिली. मग खाली उतरून खिडकीशी उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, आता इकडंच या राहायला. कायमच्या."

मी ते मनापासून म्हटलं होतं. तशी पुढच्या खोलीत कॉट मावत होती, ते मी आदल्या दिवशी मापून बघितलं होतं.

त्या म्हणाल्या, "आता काय करू यिऊन? शेळ्या गेल्या, घराचं पत्रं उतरीवलं. तितं धाकट्याच्या पोरांची सवय झाल्या."

"बरं," मी म्हणाले.

कंडक्टरनं घंटी दिली, गाडी वळली. आत्यांनी हात केला.

सिटी बसची वाट बघताना हे म्हणाले, "आणखी एकदा म्हणायचं होतंस."

"त्या नको म्हणाल्या."

"आमच्याकडं पहिल्या खेपेला हो कोण म्हणतं?"

कुणीच म्हणत नाही, ते मला ठाऊक होतं. माझ्या माहेरी कराडलाही पाहुणा तीनदा चहा नको म्हणतो आणि चौथ्यांदा पितो. पहिला नको हा नको नसतो, ते फक्त बोलणं सुरू झालेलं असतं. हे मी लहानपणापासून बघत आलेली बाई. पण मला एकदा विचारून एकदा उत्तर घ्यायची सवय लागली होती. उत्तर मिळालं, की पुढची ओळ.

"मग तुम्ही का नाही म्हणालात?" मी विचारलं.

"मला वाटलं, तू म्हणशील."

आत्या त्यानंतर पाच वर्षं जगल्या, मुंबईतच. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा गुडघा बघितला, गोळ्यांच्या पट्ट्या तपासल्या, जेवण किती, झोप किती, सगळं नीट विचारलं. ते विचारायला मला कधीच जड गेलं नाही.