आतली कडी

१४ मे १९९७ रोजी स्टोअरकीपरला घराचे चार दिवसांचे भाडे म्हणून तीन हजार सातशे पन्नास रुपये रोख मिळाले. शहराबाहेरच्या वसाहतीतल्या एका बंडखोर मुलीवर कोणी सिनेमा काढत होते आणि त्यांना 'कोणाचंही वाटेल असं घर' हवे होते. ही स्तुती आहे असे समजून त्याने रीतसर पावती दिली.

कारखान्यात त्याच्या स्टोअरमध्ये चिठ्ठीशिवाय मॅनेजरलाही पाऊल टाकता येत नसे. घरी मात्र सोळा वर्षांच्या लेकीच्या खोलीत तो दिवसातून दहादा घुसे. ती दार लावून बसते म्हणून मागच्या वर्षी त्याने आतली कडीच उखडली होती. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. निरोप आईमार्फत जात. घरात शिस्त आली, असे तो कारखान्यात सांगे.

सिनेमातल्या मुलीला कडी हवी होती. सिनेमावाल्यांच्या सुताराने ती लेकीच्याच दाराला बसवली. बापाचे काम करणारा नट तापाने आडवा झाला, तेव्हा दिग्दर्शन करणाऱ्या बाईंनी स्टोअरकीपरलाच उभे केले. दम भरण्यात आपला हातखंडा, म्हणून स्वारी खुशीत होती. पण बापाने बंद दारावर टकटक करून एवढेच म्हणायचे होते, "आत येऊ का?"

"काका, हे विचारणं झालं नाही, धाड झाली," बाई म्हणाल्या. अकरा टेक झाले तरी आवाज खाली येईना. बायको तोंडावर हात धरून हसत होती. लेक कॅमेऱ्यामागे हाताची घडी घालून उभी होती. बाराव्या टेकला त्याचा घसा बसला, तेव्हा कुठे जमले. बाईंनी अभिनयाची तारीफ केली.

तो सिनेमा पुढे एका टॉकीजला तीन दिवस चालला. पाहणाऱ्यांत निम्मे काम करणारेच होते.

शूटिंग आटोपून मंडळी गेली त्याच संध्याकाळी तो पक्कड घेऊन कडी काढायला निघाला. दार आतून बंद.

"उघड. बाप आहे मी तुझा."

वर्षभरात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली. "बाबा, बाराव्या टेकसारखं म्हणा."

त्याने पक्कड खिशात घातली. मग त्याने हलकेच टकटक केली. "आत येऊ का?"

"आत्ता नको. थोड्या वेळानं या."

"बरं," म्हणून तो परत फिरला.

कडी तिथेच राहिली. सुताराची मजुरी सिनेमावाल्यांनी बुडवली होती. ती यानेच द्यायचे कबूल केले. त्यातले पस्तीस रुपये अजून द्यायचे आहेत.