शाडूत पुरलेली बंदूक

बंदूक हातात आली की मामा आधी तिला कान लावायचे. दुसऱ्या हाताचं एक बोट वर. ते बोट वर असेपर्यंत अख्ख्या कारखान्यात कुणी खोकायचं नाही, आम्ही ब्रश हवेत धरून बसायचो. मग बोट खाली यायचं आणि मामा म्हणायचे, "बोलत नाय." म्हणजे हवा कुठून सुटत नाही, बंदूक ठणठणीत आहे. आम्ही पुन्हा कामाला लागायचो.

तुम्ही पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात डोकावला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, मूर्तीला सगळ्यात शेवटी हात लावतो तो डोळे आखणारा. मामा आमचे डोळे आखणारे. राहणारे रोह्याचे, आषाढ लागला की एसटीने ये-जा करायचे. ते नेमके कुणाचे मामा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण मालकही त्यांना मामाच म्हणायचे. मी तिथे मुकुटांना आणि दागिन्यांना सोनेरी लावायचो. नव्वदनंतरची ती वर्षं. धडधाकट पोरं डोलवीला कंपनीत कंत्राटावर जायला लागली होती आणि कारखान्यात आमच्यासारखे उरलेसुरले होते.

बंदूक मामांची नव्हती. मुंबईचे एक वयस्कर नेमबाज घरचा गणपती आमच्याकडून न्यायचे, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. एकदा त्यांनी मामांना डोळे आखताना पाहिलं. अर्धा श्वास सोडून मामा थांबत, आणि त्या थांबलेल्या वेळात बुबुळ उतरे. साहेब बराच वेळ बघत राहिले. पुढच्या वर्षी गणपती न्यायला आले ते बंदुकीची लांब पेटी घेऊनच. मागच्या पडवीत मामांना काही छर्रे मारायला लावले, कागद निरखला आणि म्हणाले, "वर्षभर ठेवा. पुढच्या निवड स्पर्धेत पात्र ठरलात तर बंदूक तुमची. नाहीतर क्लबात परत. तिथे मुलं वाट बघतायत."

ही जत्रेतली फुगे फोडायची बंदूक नव्हे. हिच्या नळीखाली दुसरी जाड नळी असते. तिच्यात प्रचंड दाबाने आधीच हवा भरून ठेवायची. दर छऱ्याला त्यातली सारखीच हवा मिळाली तर छर्रा पहिल्याच भोकातून जातो, नाहीतर भरकटतो. ह्या 'सारखीच'ने मामांची झोप उडवली. ते छर्रे काचेवर लोळवून बघत, वाकडा चालला की फेकून देत. स्क्रू केसभर फिरवायचा, कागदावर मारून बघायचं, पुन्हा केसभर मागे. कागदामागे छर्रे अडवायला खोक्यात ओला शाडू भरलेला. मला कागदावर एकच भोक दिसायचं. मामा म्हणायचे, "दोन हायत."

"मामा, मामींना बघायला गेलात तेव्हा एवढं निरखलं होतं का?"

"नाय ना. म्हनून तर आता निरखतो."

हवा भरायला ते धरमतरला जात. बार्जेसचे तळ तपासणारे पाणबुडे तिथे असत, त्यांच्या सिलिंडरवरून भरून घेत. मीही एकदोनदा गेलो. पाणबुडे घाईत, मामा निवांत. "हळू भर रे. घाई केली का हवा तापते, तापली का फुगते." बंदुकीवरच्या दाबाच्या काट्याचा लाल पट्टा दाखवून मला सांगायचे, "ह्याच्या पुढं गेला ना, का ही बंदूक नाय, सुतळी बॉम्ब हाय."

आता आक्का. आक्का म्हणजे मालकांची आई. एके काळी तिच्या हातच्या सोंडेला पेणभर नाव होतं. पुढे बोटं वाकली, डोळे मंद झाले आणि मुलाने हळूहळू तिच्याकडून सगळं काढून घेतलं. उरल्या फक्त शेगड्या. पावसाळ्यात मूर्ती वाळत नाहीत, म्हणून ओळीने कोळशाच्या शेगड्या लावतात, त्या आक्का सांभाळायची. ओलं दिसलं की शेगडीजवळ, हा तिचा एकच कायदा. मूर्ती, गोणपाट, आमच्या चपला, कुणाची भिजलेली छत्रीसुद्धा. मामांना जेवायला बसवून भाकरीही ती त्याच विस्तवावर गरम करून द्यायची.

स्पर्धेच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मामा भर पावसात धरमतरहून काठोकाठ हवा भरून आले, बंदूक फळीवर ठेवली आणि हात धुवायला मागे गेले. परत आले तर फळी रिकामी.

बंदूक शेगडीला टेकून उभी होती. आक्का शेजारी बसून पदराने दस्ता पुसत होती. "पाण्यानं भिजलेली रे, हाताला ओली लागली," ती म्हणाली.

मामांनी वाकून काटा पाहिला. मीही पाहिला. तो लाल पट्टा ओलांडून गेला होता.

मामांनी आवाज चढवला नाही. "आक्का, ऊठ गो. सगल्यांना चाय टाक, पुढच्या ओसरीवर." मग आमच्याकडे वळून, ओठ न हलवता, "बाहेर. सगले."

आक्काला धरून कुणीतरी नेलं. मी दारातच थांबलो. मामांनी बंदूक भिंतीकडे रोखून चाप ओढला. आत नुसतं टक् झालं. पुन्हा टक्. आतला दाब इतका वाढला होता की हवेचं झाकणच उघडेना. म्हणजे चाप ओढून हवा काढून टाकायचा मार्ग बंद. तापलेली नळी त्यांच्या हातात, दोन्ही बाजूंना डोळ्यांची वाट बघत असलेल्या मूर्ती, आणि बाहेर आक्का चहात साखर किती विचारतेय.

कोपऱ्यात मळलेल्या शाडूचा ढीग होता, ओल्या गोणपाटाखाली. मामांनी गोणपाट फेकला, बंदूक तान्ह्या पोरासारखी त्यात निजवली आणि दोन्ही हातांनी वर गारा थापायला लागले. नळी, चाप, घोडा, ज्या ज्या फटीत धुळीचा कण जाऊ नये म्हणून ते वर्षभर जपले होते, त्या सगळ्यावर.

"मामा, बाहेर या," मी म्हणालो.

त्यांनी बोट वर केलं. तसेच ढिगाशेजारी उकिडवे बसून राहिले, काट्यावरचा गारा अंगठ्याने पुसत. चहा निवून गेला. काटा लाल पट्ट्याच्या मागे सरकला, मग बोट खाली आलं.

आक्का दारात येऊन उभी. "सुकली का बंदूक?"

"सुकली गो आक्का. बरा केलास."

छऱ्याच्या डबीला ओला हात लावला म्हणून ह्याच माणसाने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता.

दुसरा दिवस साफसफाईत गेला. गारा निघाला. शेवटी मामांनी कान लावला, बोट वर केलं, आणि ते बोट खूप वेळ वरच राहिलं. "बोलतेय," ते म्हणाले. उष्णतेने आतला वायसर वितळला होता. तसला वायसर परदेशातून यायचा.

मुंबईला स्पर्धेला मी बरोबर गेलो. सुरुवातीचे छर्रे मधोमध गेले. मग हवा गळत गेली तसे ते खाली उतरायला लागले. मामा अंदाजाने नेम वर घेत राहिले, श्वास अर्धा सोडून, तसेच थांबत. थोडक्यात हुकलं असंही म्हणता येणार नाही, चांगलेच कमी पडले.

साहेबांनी बंदूक उघडून पाहिली. "हिला उष्णता लागलीय. कुणी केलं हे?"

"मीच ठेवली शेगडीजवल," मामा म्हणाले. "ओली लागली हाताला."

"तुम्ही?"

"व्हय."

मी तोंड उघडलं तर माझ्या पायावर त्यांचा पाय आला, चांगला जोरात. साहेबांनी मामांकडे असं पाहिलं की त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. मग त्यांनी पेटी बंद करून उचलली. मला साहेबांचा राग आला, आक्काचा आला आणि सगळ्यात जास्त मामांचा.

पनवेल सुटल्यावर एसटीत मी म्हणालो, "खरं सांगितलं असतंत तर साहेबांनी अजून एक वर्ष दिलं असतं."

"दिला असता." मामा खिडकीबाहेर बघत होते. "मग सायेब गनपती न्यायला येनार, मालकाला इचारनार. म्हातारीच्या हातात शेगड्याच उरल्यात. त्या पन काढून घेतल्या असत्या तिच्याकडनं." तिकिटाची घडी घालत म्हणाले, "ती मग बसनार कुठं?"

त्यानंतरही मामा दर वर्षी येत राहिले. पहिलं बुबुळ आखण्याआधी सवयीने बोट वर करत आणि कारखाना गप्प होई. गिऱ्हाईक आलं की आक्का त्यांच्याकडे बोट दाखवून अभिमानाने सांगे, "ह्याची बंदूक भिजलेली, मी सुकवून दिली, तेव्हा गेला मुंबईला." मामा मान डोलावत.

एका थंडीत रोह्याहून निरोप आला, मामा गेले. पुढच्या आषाढात डोळे आखायला दुसरा माणूस आला. हात त्याचाही बरा आहे, पण काम करताना रेडिओ लावतो.

आक्काला तोवर माणसं आवाजावरूनच कळत. शेगडीतले कोळसे सारत तिने मला विचारलं, "रोह्याचा मामा गेला म्हनतात. मग ती बंदूक रे? ती कुठं हाय?"

"त्यांच्या घरीच आहे, आक्का. रोह्याला."

"मग सांग त्यांना," आक्का म्हणाली, "पावसाचे दिवस हायत. तिला ओल लागू देऊ नका."