दारावरचा खडू

धाडहून बुलडाण्याला मी रोज एकाच ड्रायव्हरच्या जीपने जातो. गाडीचं सगळं काम तो स्वतः करतो आणि आपल्या बाजूच्या गाडीच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवतो. पण आधी लिहितो, मग काम करतो. म्हणतो, "लिहून ठेवलं म्हंजे काम टळत नाही, सर."

काल त्याने 'ब्रेक ऑइल टाकलं' असं लिहिलं आणि तेवढ्यात बाजाराच्या सवाऱ्या आल्या. बॉनेट न उघडताच तो निघाला.

आज माझ्या पायाशी काहीतरी घरंगळत आलं. ब्रेक ऑइलची बाटली होती, सील न फोडलेली. मी ती त्याच्यासमोर धरली. "हे टाकायचं राहिलं का?"

त्याने बाटलीकडे बघितलंच नाही. दार वाचलं.

"नाही जी, कालच टाकलं. हे पाहा, लिहेल हाये."

समोर उतार लागला होता.