जळालेला बोर्ड आणि देवरावांचा जुना प्रश्न

मशीनचा छोटा पडदा काळा झाला तेव्हा आत दोनशे दहा अंडी होती आणि सतरावा दिवस होता. कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटतं. तोवर त्याला साडेसदतीस अंश ऊब लागते. हीटर कधी लावायचा, कधी बंद करायचा, हे मशीनमधला तळहाताएवढा बोर्ड ठरवतो. त्याच बोर्डातून वास येत होता.

बाभुळगावात मी अंडी उबवून पिल्लं विकते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मशीन आमच्या मालकांनी, देवरावांनी, बनवली. ते रेडिओ दुरुस्त करायचे. साठीनंतर मोबाइलवरच्या एका ग्रुपवर विचारून विचारून प्रोग्राम लिहायला शिकले. प्रोग्राम म्हणजे बोर्डाला पाठ करून दिलेली कामाची यादी. गेल्या वर्षी ते वारले.

मी अंड्यांभोवती गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, मशीनवर गोधडी टाकली आणि त्यांच्याच मोबाइलवरून ग्रुपवर लिहिलं, "मशीन बंद पडली."

लगेच कोणीतरी लिहिलं, "देवरावकाका, लय दिवसांनी. होते कुठं?"

"ते गेले. मी त्यांची बायको. अंडी थंडी होऊन राह्यली."

मग ग्रुपवरच्याच एका मुलीचा, यवतमाळच्या रोहिणीचा, फोन आला. तिने सांत्वन केलं नाही. मला ते बरं वाटलं.

"आजी, बोर्डावरची दिवी लागते काय?"

"नाही."

"वास?"

"जळाल्याचा."

"मंग गेला तो. माझ्यापाशी तसाच बोर्ड आहे, पण कोरा. काकांचा प्रोग्राम कुठं आहे?"

"लॅपटॉपात होता. तो भाच्याले देऊन टाकला. त्यानं सारं पुसलं."

"कायले देला?"

"मले का करायचा होता?"

मशीन ठेवून मी तिचं डोकं देऊन टाकलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"थांबा," ती म्हणाली. "काका सारं ग्रुपवरच इचारत. पाहते."

ते खरं होतं. मी टोमणा मारायची, "एकाले फोन करा ना. साऱ्या जगापुढं आपलं अडाणीपण कायले मांडता?" ते म्हणायचे, "उद्या दुसऱ्या कोणाचं अडलं तर त्याले सापडलं पाह्यजे." रोज सकाळी चहा थंड करून ते कोणाचातरी प्रश्न सोडवत बसत. बायकोपेक्षा यांना अनोळखी लोक जवळचे, असं मला वाटायचं. आता घरात चहा थंड होत नाही. एकच कप असतो.

"सापडला," रोहिणी म्हणाली. "अख्खा प्रोग्राम टाकून प्रश्न इचारला आहे. खाली अकरा जणांची उत्तरं. शेवटी कोणतं चाललं, तेही काकांनी लिवलं आहे."

तिने ते चाललेलं उत्तर घालून तो प्रोग्राम कोऱ्या बोर्डात भरला आणि डबी बाभुळगावच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिली. "तारा काढायच्या आधी फोटो काढा," असं बजावलं. एसटी येईपर्यंत मी तीनदा बाटल्यांतलं पाणी बदललं. काचेचं थर्मामीटर तरी तेहतीसवर आलं.

फोटो पाहून एकेक तार लावली. बटण दाबलं. पडद्यावर सहा इंग्रजी अक्षरं उमटली. मला इंग्रजी येत नाही, पण ही सहा ओळखीची. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी: दार लाव. मी मशीनचं दार उघडं ठेवते म्हणून त्यांनी ती घातली होती. ती काढा, म्हणून मी भांडलेही होते.

रोहिणीने फोनवर विचारलं, "आजी, चालू झाल्यावर काही लिवून येते, ते काढायचं आहे काय?"

"राहू दे," मी म्हटलं आणि दार लावलं.

कोणाचा लॅपटॉप देऊन टाकण्याआधी आत काय आहे ते विचारावं. आणि मदत मागायची तर चारचौघांत मागावी. मागणारा जातो, उत्तर तिथंच राहतं. ते म्हणत तो अडलेला दुसरा माणूस म्हणजे मीच निघाले.

बाविसाव्या दिवशी त्यांच्या जुन्या प्रश्नाखाली, अकरा उत्तरांच्या खाली, मी लिहिलं: बोर्ड नवा, प्रोग्राम तोच. एकशे बासष्ट पिल्लं जगली.