खुर्चीखालचे पाय

नंदुरबारच्या फलाटावर गाडी लागली, तेव्हा मी नमस्कारासाठी वाकले आणि आईने पाय मागे घेतले. "राहू दे गं, धुळीचे आहेत. नवा ड्रेस मळेल तुझा." मग गाडी सुटेपर्यंत ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच.

बडोद्यात निजामपुऱ्याला मामांकडे राहिले. मामा रेल्वेत आहेत. पहिले काही महिने भाजीवालीशी बोलायलाही मला भीती वाटायची. आता कोथमीर, छुट्टा, चालशे हे गुजराती शब्द आपोआप तोंडात येतात. फोनवर चुकून "हा ने" म्हटलं की आई हसायची, "झाली गुजरातण!" तब्येत विचारली की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. इकडे सगळं बरं आहे. तुमच्यापैकी जे घर सोडून आलेत त्यांना हे वाक्य पाठ असेल; जे मागे राहिलेत ते ते रोज म्हणत असतील.

दुसऱ्या वर्षी शहरात आरोग्यसेवेतल्या माहिती तंत्रज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद आणि प्रदर्शन भरलं. आम्हा कॉम्प्युटरच्या मुलांना मदतीला घेतलं होतं. मी ज्या स्टॉलवर होते, तिथे दूरच्या गावातला पेशंट डॉक्टर पडद्यावर तपासत आणि त्यांचं बोलणं आपोआप नोंदलं जाई. प्रात्यक्षिकासाठी खेड्यातलं कोणी हवं होतं. मी लगेच आईचं नाव सुचवलं. बाबा मागे एकदा हळूच म्हणाले होते, "तिला हल्ली दम लागतो, पण दवाखान्यात यायला तयार नाही." या निमित्ताने मोठे डॉक्टर तिला बघतील, असं मला वाटलं.

आई पडद्यावर आली ती लग्नात नेसायची साडी नेसून, तोंडाला पावडर लावून. मागे अर्धी गल्ली उभी. फोन बाबांच्या हातात. इकडे गळ्यात बिल्ले घातलेले परदेशी पाहुणे. डॉक्टर काही विचारणार, तेवढ्यात आईनेच विचारलं, "डॉक्टर जेवले का गं?" मी गुजरातीत सांगितलं, सगळे हसले.

"मम्मीने पूछो ने, पगे सोजा छे?" डॉक्टर म्हणाले.

"आई, पायांना सूज आहे का? जरा दाखव."

आईने साडी सारखी केली आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "अगं, एवढ्या मोठ्या माणसांकडे पाय करू? बरे आहेत म्हणून सांग."

मी तसं सांगितलं. पडद्यावर उमटलं, सूज नाही. टाळ्या वाजल्या. त्या ऐकून आईचा चेहरा असा फुलला की मलाही सगळं बरं आहे असंच वाटलं.

त्या उन्हाळ्यात आई गेली. हृदय कमजोर होतं, असं नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं. दिवसकार्य झाल्यावर बाबा म्हणाले, "त्या दिवशी तिला चप्पल चढत नव्हती. मी म्हटलं, दाखव. तर म्हणे, पोरीच्या कॉलेजच्या लोकांसमोर कसले पाय दाखवायचे!"

पाय दिसले असते तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही. परिषदेचा बिल्ला अजून माझ्याकडे आहे. फेकवत नाही आणि बघवतही नाही.

घर म्हटलं की आता मला दार किंवा अंगण आठवत नाही. रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. बरं आहे, असं ते म्हणत नाहीत. मीही विचारत नाही. ते फोन खाली करतात आणि त्यांचे पाय दिसतात, भेगा पडलेले, शेतातून आल्यामुळे धुळीने भरलेले. "बघ नीट," म्हणतात. मी बघते. मग पडद्याला हात लावून नमस्कार करते.

बाबा पाय मागे घेत नाहीत.