पाय कुणाकडं करू?

खैरूभाभी इस्त्री करताना एका पायावर उभी राहायची. दुसरा पाय विटेवर. थोड्या वेळानं पाय बदलायचा, इस्त्री चालूच. ढोकी गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं टेबल. वाफेत डोळे अर्धे मिटलेले आणि बोलणं कुठलं तरी लांबचं. "बाई, ह्या सदऱ्याच्या घडीत शिरून झोपावं वाटतंय बघा." मला हसू यायचं.

तिच्या घोट्यांभोवती निळ्या-जांभळ्या बारीक शिरांचं जाळं होतं. गल्लीतल्या बायकांना ते गोंदण वाटायचं, आणि मुसलमान बाईनं गोंदलंच कसं म्हणून कुजबुज चालायची. काय म्हणावं आता! भाभी म्हणायची, "माझ्या आईला बी हुतं. वर तीन बाळंतपणं आन दिवसभर उभं राहणं. शिरांनी तरी काय करावं?"

पण संध्याकाळी पाय सुजायला लागले, तेव्हा मी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं. म्हणाल्या, शिरांना घाबरू नका, पण एका जागी उभ्या राहू नका. मधेमधे चाला, टाचा वर-खाली करा, मी देते ते घट्ट मोजे घाला आणि रोज थोडा वेळ पाय उंच ठेवून पडा.

बाकी सगळं भाभीनं ऐकलं. पडणं मात्र नाही. खोली एकच, कपाट आणि गाठोड्यांतून जेमतेम एक माणूस आडवं होईल एवढी जागा, तीही पूर्व-पश्चिम. पाय पश्चिमेला केले तर किबला, नमाजाची दिशा. पूर्वेला केले तर अम्मांची बाज. अम्मा म्हणजे तिची सासू, अंथरुणाला खिळलेली. "पाय कुणाकडं करू, सांगा की तुमीच." मी चिडलेच. अम्मांसमोरच म्हणाले, "अहो, उद्या हिला उभंच राहता आलं नाही तर हे घर कसं चालायचं?"

अम्मांनी मान वळवली. मग सुनेला म्हणाल्या, "माझ्याकडं कर पाय. म्या म्हातारी हाय, काबा न्हाय."

तेव्हापासून भाभी दुपारी उशांवर पाय टाकून पडायची. अम्मा बाजेवरून हात लांबवून तिच्या पायावर ठेवायच्या आणि दोघी तशाच पेंगायच्या. सूज उतरली. शिरा राहिल्या, पण त्यांचं तिला कधीच काही नव्हतं.

मग अम्मा गेल्या. बाज हलवायला भाभी तयार नाही, तिकडे पाय करायलाही नाही. "परवानगी अम्मानं दिल्ती, बाजेनं न्हाय." आता दुपारची ती माझ्याकडेच येते.

परवा माझ्या भिंतीला पाय लावून तिला डुलकी लागली. मी पायाखाली उशी सरकवायला गेले, तर तिनं दचकून पाय आखडून घेतले. डोळे न उघडताच विचारलं, "अम्मा, पाय लागला का वो?"

मी तिच्या पायावर हात ठेवला. म्हणाले, "न्हाय गं. झोप."